बिस्किटी

मेन जेट म्हणजे पितळेचा एक दाणा.
डोक्यावर खाच, पोटात आरपार भोक,
आणि अंगावर नंबर, मुंगीनं कोरल्यासारखा.
बस्त्यावकाका तो अंगठ्याच्या पेरावर ठेवून विचारतात,
"किती?"
"एकशे तीस."
"नीट बघ."
"तीसच आहे, काका."

कांजूर गावात, क्रूसामागच्या बोळात
सहा बाय दहाचं गॅरेज.
गाडी नाशिकची, टेम्पोतून आडवी उतरलेली,
हँडलला अजून द्राक्षबागेची सुतळी.
तिथली हवा पातळ, इथली समुद्रसपाटीची, जाड.
तिथे पोटभर होणारं पेट्रोल इथे पुरत नाही,
आणि उपाशी टू-स्ट्रोक कुरकुरत नाही.
उलट खणखणीत वाजतो, नव्या भांड्यासारखा.
पोरं खूश होतात,
पुढच्या वळणाआधी पिस्टन सिलिंडरला धरून बसतो.

मी ती मिठागराच्या बांधावर नेली.
तिसरा, चौथा, फुल थ्रॉटल,
मग एकदम बंद, क्लच दाबून,
बगळे उठले तेवढ्याच शांततेत घरंगळत आलो.
फडक्यात धरून प्लग काढला, काकांच्या हातात दिला.

प्लगचं टोक बिस्किटी हवं,
चहात एकदा बुडवून काढलेल्या ग्लुकोज बिस्किटासारखं.
काळं म्हणजे जास्त, पांढरं म्हणजे कमी.
पस्तीस वर्षं ह्या एका रंगावर त्यांचं घर चाललं.

गेल्या मंगळवारी त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला.
महिनाभर धूळ नको, धूर नको, म्हणाला होता डॉक्टर.
त्यांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला,
प्लग दाराच्या उजेडात धरला,
उजवा डोळा झाकला.
मग डावा.
मग पुन्हा उजवा.
मला वाटलं, कचरा गेला.

"डाव्यानं बिस्किटी दिसतो," ते म्हणाले.
थोड्या वेळानं,
"उजव्यानं पांढरा."

बाहेर कुणीतरी बोंबील निवडत होतं,
मांजर आणि ती बाई यांचं भांडण चाललेलं.
काका स्टुलावर बसले.

भिंतीवर तारेत ओवलेले पिस्टन आहेत,
कडेला उभे ओरखडे, वितळलेलं अॅल्युमिनियम.
हा ग्लेनचा. हा उन्मेषचा. हा मुश्ताकच्या धाकट्याचा.
गिऱ्हाइकाला दाखवायला टांगलेले:
बघा, तेल कमी घातलं लेकानं, वर मला नावं ठेवतो.
डोळ्यात किती वर्षांपासून पिवळं साचत होतं
ते कुणी लिहून ठेवलेलं नाही.

डावीकडून चौथा माझा.
इगतपुरीची रेस, दोन हजार चौदा.
खांद्याच्या हाडात अजून एक पट्टी, सहा स्क्रू.
थंडीत ते मला आपापल्या जागा सांगतात.

"तुला कितीचा लावला होता रे मी?"
"आठवत नाही, काका."
वही त्यांच्याच मांडीवर होती,
तारीख, हवा, मेन, पायलट, सुईची क्लिप कितव्या खाचेत,
सगळं माझ्याच अक्षरात, कारण त्यांचं त्यांना वाचता येत नसे.
त्यांनी ती उघडली नाही.

"चाळीस लाव."
लावला. गाडी घशात गुळणी धरल्यासारखी गुरगुरली,
बोळभर निळा धूर, बोंबीलवाली आमच्यावर ओरडली.
"पस्तीस."
फ्लोट बोल पुन्हा उघडला, बोटांवर पेट्रोल थंड.
पुन्हा बांध, पुन्हा बगळे,
पुन्हा ते घरंगळत येणं.

प्लग दिला तर त्यांनी घेतला नाही.
काळा चष्मा डोळ्यांवर ओढला,
"तू सांग," म्हणाले.
पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

मी दाराशी गेलो.
मलाही आता चाळीस लागलंय.
एक डोळा झाकला.
मग दुसरा.